अस्सल कागद आणि मागाहूनची कथा

इतिहासाचे पुस्तक हाती घेणारा वाचक अनेक प्रश्न विचारतो. लढाई कोणी जिंकली, तह कोणाच्या पथ्यावर पडला, अमुक सरदार स्वामिनिष्ठ होता की फितूर, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. पण एक प्रश्न तो सहसा विचारीत नाही, आणि वस्तुतः तोच सर्वांच्या आधी विचारावयास हवा. तो प्रश्न असा की, हे सारे लेखकाला कळले कसे? न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या साक्षीदाराला वकील पहिल्यानेच विचारतो, ‘तुम्ही हे स्वतः पाहिलेत की कोणाकडून ऐकलेत?’ इतिहासाच्या लेखकाला मात्र हा प्रश्न विचारण्याचे धारिष्ट वाचकाला होत नाही. छापील अक्षराचा दराराच तसा असतो.

संशोधकांनी या प्रश्नाच्या सोयीसाठी साधनांचे दोन वर्ग केले आहेत. घटना घडत असताना, त्या घटनेत गुंतलेल्या किंवा ती जवळून पाहणाऱ्या माणसांच्या हातून जे निर्माण झाले ते प्राथमिक, म्हणजे अस्सल साधन. पत्रे, सनदा, हिशेबाचे ताळेबंद, रोजनिश्या, नाणी, शिलालेख हे सारे या वर्गात येते. मागाहून कोणी तरी ही साधने वाचून, किंवा न वाचता केवळ ऐकून, जी हकीकत रचली ते दुय्यम साधन. व्याख्या एवढी सोपी आहे की शाळेतील मुलालाही ती पाठ व्हावी. ती वापरावयास गेले म्हणजे मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते. ही तारांबळ कशी होते आणि तिच्यातून वाट कशी निघते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासातील एका तिथीच्या शोधाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ही तिथी म्हणजे शिवाजीमहाराजांची जन्मतिथी.

एकोणिसाव्या शतकात महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इसवी सन १६२७ मध्ये झाला, अशी सार्वत्रिक समजूत होती. उत्तरकालीन बखरी तसे सांगत होत्या. त्यांत साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी असलेल्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीचे वजन विशेष होते. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही १६२७ चा मे महिना दिलेला आहे. ग्रँट डफच्या इतिहासाचे मराठीत भाषांतर झाले, त्यावरून शालेय पुस्तके तयार झाली, आणि पुस्तकांवरून पिढ्यान्‌पिढ्यांनी सन पाठ केले. बखरकार तेच म्हणतो, इंग्रज ग्रंथकार तेच म्हणतो, पंतोजीही तेच म्हणतात, तेव्हा शंकेला जागा कोठे राहिली?

शंकेला जागा होती. या सर्व साक्षी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचा झरा एकच होता. शाळेच्या पुस्तकाने ग्रँट डफवरून घेतले, ग्रँट डफपुढे बखरी होत्या, आणि बखरी लिहिल्या गेल्या तेव्हा शिवनेरीवरील त्या दिवसाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. दहा तोंडांनी सांगितलेली ऐकीव गोष्ट ही दहा साक्षीदारांची साक्ष होत नाही. शिवाय वैशाखातील नेमकी तिथी कोणती याविषयी या लेखकांचे आपसांतही जमत नव्हते. साल ठाम आणि तिथी डळमळीत, अशी ही चमत्कारिक स्थिती होती.

लोकमान्य टिळकांनी १८९६ साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव केला तो या समजुतीला अनुसरून वैशाखातच. आणि मौज अशी की, ही समजूत मोडणारा कागदही टिळकांनीच प्रसिद्धीस आणला. मंडालेच्या तुरुंगातून १९१४ साली सुटून आल्यावर त्यांच्या हाती भोर संस्थानातील कारी या गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील एक शकावली आली. हे जेधे म्हणजे अफजलखानाच्या प्रसंगी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेल्या कान्होजी जेध्यांचे वंशज. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात १९१६ साली ही शकावली छापली गेली. तीत शके १५५१, शुक्ल नाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, या दिवशी शिवाजीराजे शिवनेरीस जन्मले अशी नोंद होती. इंग्रजी कालगणनेने हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० होय. ज्या उत्सवाला आपण स्वतः सार्वजनिक रूप दिले त्याच्या पायालाच धक्का देणारा कागद दडपून न ठेवता छापून मोकळे होणे, यात टिळकांच्या विद्याव्यासंगाची जी परीक्षा झाली तिच्याकडे त्यांच्या चरित्रकारांनी अधिक लक्ष द्यावयास हरकत नव्हती.

जेधे शकावली हा प्रकार दिसावयास अगदी रुक्ष आहे. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घटना तीत एकेका ओळीत, फार तर दोन ओळींत टिपलेल्या आहेत. अमुक शकात अमुक मासी अमुक किल्ला घेतला. अमुक मृत्यू पावला. अमुक ठिकाणी लढाई झाली. कोठे स्तुती नाही, वर्णन नाही, दैवी दृष्टांत नाहीत. बखर वाचताना रंगून जाणाऱ्या वाचकाला हा कागद दोन मिनिटांत कंटाळा आणील. पण संशोधकाला याच रुक्षपणाचा भरवसा वाटतो. ज्याला गोष्ट रंगवावयाची आहे तो सन-तिथी गोष्टीच्या सोयीने हलवतो. ज्याला केवळ टिपण ठेवावयाचे आहे त्याला हलवण्याचे कारण पडत नाही.

तरीही एवढ्यावर निकाल देणे घाईचे झाले असते, आणि जाणत्या संशोधकांनी तो दिलाही नाही. हाती आलेली शकावली ही मूळ टिपणांची नंतरची नक्कल होती. नकलेत नकलनविसाच्या हातच्या चुका होत्या. मग तिच्यावर विसंबावयाचे कसे? त्यासाठी दोन वाटा चोखाळण्यात आल्या. पहिली वाट अशी की, शकावलीतील इतर नोंदी मोगलांच्या फारसी तवारिखांशी आणि इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांशी ताडून पाहावयाच्या. ज्यांचा जेध्यांशी काडीचाही संबंध नव्हता अशा लोकांनी परक्या भाषेत, परक्या हेतूने लिहिलेल्या कागदांशी त्या पुष्कळ ठिकाणी जुळल्या. दुसरी वाट गणिताची. तिथी आणि वार यांचा मेळ मनाने बसवता येत नाही. आकाशातील चंद्र-सूर्यांची त्याला संमती लागते. जंत्री घेऊन हिशेब केला असता शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शुक्रवारच येतो. पुढे जन्मतिथीच्या वादात ज्योतिषाचे गणित जाणणाऱ्यांना एवढे महत्त्व का आले, ते यावरून ध्यानात येईल. येथे सांगावयास हरकत नाही की, १९ फेब्रुवारी ही तारीख त्या वेळी इंग्रज वापरीत असलेल्या जुन्या गणनेची आहे. आज प्रचलित असलेल्या गणनेने मोजले तर तोच शुक्रवार १ मार्च १६३० ला पडतो. दिवस एकच, नावे दोन. अनेक वाद केवळ अशा दोन नावांमुळे माजलेले असतात.

यानंतर दहा-अकरा वर्षांनी एक साक्ष फार दुरून आली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची प्रत सदाशिव महादेव दिवेकर यांना सापडली आणि १९२७ साली ती प्रसिद्ध झाली. परमानंद हा महाराजांचा समकालीन, त्यांच्या आश्रयाने लिहिणारा कवी. काव्य अपुरे राहिले आहे; पण महाराजांच्या जन्माचा प्रसंग त्यात आहे आणि तेथे शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच दिलेली आहे. राजस्थानातील जोधपूर येथे जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात मिळालेल्या महाराजांच्या एका कुंडलीतही हीच तिथी निघाली. कारीच्या देशमुखाचे टिपण, तंजावरात जपलेले संस्कृत काव्य, आणि जोधपुरी ज्योतिषाच्या बाडातील कुंडली. या तिघांनी एकमेकांचे पाहून लिहिले असेल असे म्हणणे कठीण. कवी स्तुतिपाठक असतो हे खरे. पण स्तुतीसाठी तो नायकाचे पराक्रम वाढवील. त्याचा जन्म तीन वर्षे पुढे ढकलून त्याला काय मिळावयाचे होते?

कोणी म्हणेल, तीन वर्षांच्या या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? महाराज १६२७ त जन्मले काय किंवा १६३० त जन्मले काय, त्यांच्या कर्तृत्वात काय उणे-अधिक होते? हा आक्षेप वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. परंतु १६२७ आणि १६३० यांच्या मध्ये काय काय घडले ते पाहावे. १६२९ च्या जुलैत देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची पुत्रांसह हत्या झाली. शहाजीराजांचे निजामशाहीशी असलेले नाते या घटनेने उसवले. १६३० च्या पावसाळ्यापासून दख्खनेत आणि गुजराथेत तो भीषण दुष्काळ पडला, ज्याच्या वर्णनाने आजही अंगावर काटा उभा राहतो. जुनी तिथी खरी धरली तर आजोबांची हत्या झाली तेव्हा मूल सव्वादोन वर्षांचे होते. नवी तिथी धरली तर जिजाबाई त्या वेळी गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत होत्या. माहेर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता त्यांनी त्या अवस्थेत ऐकली, आणि मूल दुष्काळाच्या तोंडावर जन्माला आले. तोरण्यापासून रायगडापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी महाराजांचे वय तीन वर्षांनी कमी होते. अफजलखानासमोर १६५९ साली उभा राहिला तो तिशीही न गाठलेला तरुण होता, आणि १६८० त देह ठेवताना त्यांना पन्नास वर्षे नुकतीच पुरी झाली होती. तिथी बदलली की चरित्राची सारी पार्श्वभूमीच बदलते, ती अशी.

वाद मात्र शकावली छापल्याने किंवा शिवभारत सापडल्याने मिटला नाही. जुन्या तिथीला धरून राहिलेले अभ्यासक होते, आणि त्यांतले सर्वच हटवादी नव्हते. महाराष्ट्र शासनाने १९६६ साली या प्रश्नासाठी इतिहासज्ञांची समिती नेमली. अखेर २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. तिथीप्रमाणे उत्सव करावा की तारखेप्रमाणे, हा वेगळा वाद त्यानंतरही उरलाच. पण त्याचा निर्णय इतिहासाने द्यावयाचा नसून उत्सव करणाऱ्यांनी द्यावयाचा आहे. येथे एक गमतीची गोष्ट लक्षात येते. शासनाचा २००१ चा निर्णय हा शिवकालाच्या दृष्टीने साधनच नव्हे, प्राथमिक नव्हे आणि दुय्यमही नव्हे. शासनाने मान्य केले म्हणून १६३० सालच्या घटनेला बळकटी येत नाही. पण शंभर वर्षांनी ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्राने आपल्या इतिहासाकडे कसे पाहिले’ असा ग्रंथ कोणी लिहू लागला, तर त्याच्या लेखी सरकारी दप्तरातील हीच फाईल पहिल्या प्रतीचे अस्सल साधन ठरेल. कागद तोच; विचारणाऱ्याचा प्रश्न बदलला.

प्राथमिक आणि दुय्यम हा भेद कागदाच्या पोताचा किंवा त्याच्या वयाचा नाही, हे येथेच स्पष्ट होते. कागद कोणत्या प्रश्नासाठी उलगडला आहे यावर त्याचा वर्ग ठरतो. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा वृत्तांत सांगणारा एक विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. दगडात कोरलेली अक्षरे पाहिली की मन आपोआप विश्वास टाकते. परंतु हा लेख सरफोजीराजांच्या कारकीर्दीत १८०३ साली कोरला गेला. मालोजी-शहाजींच्या काळाविषयी तो जे सांगतो ते दोनशे वर्षांनंतरचे सांगणे आहे. तेवढ्यापुरता तो दुय्यमच. उलट, इंग्रजांचा अंमल बसल्यावर तंजावरच्या मराठी राजाला आपले कुळ कसे सांगावेसे वाटले, हे विचारले तर त्याच्याइतके अस्सल काही नाही. बखरींचेही असेच आहे. सभासदाने आपली बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जिंजीच्या बाजूस असताना लिहिली. सनावळ्यांसाठी तिच्याकडे जाणारा निराश होईल. पण राज्य अर्धेअधिक बुडाल्यासारखे दिसत असताना, मोगल सह्याद्रीत ठाण मांडून बसला असताना, महाराजांच्या माणसांना आपला राजा कसा आठवत होता, हे दुसऱ्या कोणत्या कागदात मिळणार?

वि. का. राजवाडे यांनी बखरींवर जो हल्ला चढविला त्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. त्यांच्या आधी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच ग्रँट डफच्या इतिहासाची झडती घेतली होती, आणि १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला होता. पण अस्सल पत्रांचा खरा डंका वाजला तो १८९८ साली, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला तेव्हा. वाईस मिळालेल्या पत्रांतून पानिपतच्या मोहिमेचे निराळेच चित्र दिसू लागले. बखरीत पानिपत म्हणजे भाऊसाहेबांचा ताठा, मल्हाररावांचा सल्ला, मानापमान आणि दैवगती. पत्रांत काय आहे? पैसा वेळेवर येत नाही, रसद अडली, यमुनेला पाणी आहे, गोविंदपंत बुंदेल्यांनी अमुक मुलखातून धान्य रवाना करावे. लाखाच्या तोंडाला घास कोठून घालावयाचा, या एकाच चिंतेने ती पत्रे भरली आहेत. बखर वाचून पराभवाचा दोष कोणाच्या स्वभावाला द्यावा हे कळते. पत्रे वाचून सैन्य उपाशी का मेले ते कळते.

पण पत्रांचाही एक मुका प्रदेश असतो. छावणीभोवती वेढा आवळला गेला तशी पत्रे थांबली. १४ जानेवारी १७६१ या प्रत्यक्ष दिवसाच्या तपशिलासाठी इतिहासकाराला अखेर काशीराजाकडे जावे लागते. हा पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे शत्रूच्या गोटात उभा राहून त्याने रण पाहिले. आणि आपला फारसी वृत्तांत त्याने लिहिला १७८० साली. डोळ्यांनी पाहिलेले, पण जवळजवळ वीस वर्षांनी आठवलेले. असा वृत्तांत कोणत्या कप्प्यात घालावयाचा, हे व्याख्या पाठ करून सुटणारे कोडे नव्हे.

राजवाड्यांच्या उत्साहाचा वारसा घेतलेल्या काही मंडळींनी पुढे अस्सल कागदाचे देव्हारे माजविले. कागद समकालीन असला की तो खरा, असा जणू नियमच झाला. या भाबडेपणावर उतारा पाहिजे असेल तर इंग्रजांच्या वखारींची पत्रे वाचावीत. सुरत, मुंबई, कारवार, राजापूर येथील वखारवाल्यांची ही पत्रे निःसंशय समकालीन आहेत, तारीखवार आहेत, जपून ठेवलेली आहेत. आणि याच पत्रांतून शिवाजीमहाराजांच्या मृत्यूच्या वार्ता महाराज धडधाकट असताना एकदा नव्हे, अनेकदा कळविल्या गेल्या आहेत. परिणाम असा झाला की, खरोखर निधन झाल्याची बातमी आली तेव्हा त्या व्यापाऱ्यांना तिच्यावर विश्वास ठेवणे जड गेले. पत्र अस्सल, बातमी बाजारची. ज्या कारकुनाने ती लिहिली तो खोटे बोलत नव्हता. आपल्या कानावर काय आले एवढेच तो कळवीत होता. त्याचे पत्र अफवेचा अस्सल पुरावा आहे, मृत्यूचा नव्हे.

आग्र्याच्या सुटकेची हकीकत या बाबतीत सर्वांत अधिक शिकविणारी आहे. सभासदाच्या बखरीत बादशहाची भेट दिल्लीस झाली असे आहे. सभासद काही शतकानंतरचा माणूस नव्हे. तरीही त्याने शहर चुकविले, कारण मराठ्याच्या मनात बादशहा म्हणजे दिल्ली. प्रत्यक्षात १२ मे १६६६ चा तो दरबार आग्र्याच्या किल्ल्यात भरला होता. त्या दिवसांचा सर्वांत जवळचा वृत्तांत मराठीत नाही, फारसीतही नाही. तो आहे राजस्थानी बोलीत. महाराजांच्या सुरक्षिततेची हमी मिर्झाराजे जयसिंगांनी घेतली होती, आणि त्यांचा मुलगा रामसिंग आग्र्यास होता. रामसिंगाच्या पदरची माणसे रोज काय घडते ते अंबरला कळवीत. त्यांतला परकालदास हा विशेष चौकस. ही पत्रे जयपूरच्या दप्तरात राहिली, आणि जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांच्या परिश्रमाने ती अभ्यासकांपुढे आली.

मिठाईच्या पेटाऱ्यात बसून महाराज निसटले, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परकालदासाच्या पत्रात पेटारा आहे काय? आहे, पण कसा आहे ते बारकाईने पाहिले पाहिजे. सकाळी चार घटका दिवस वर आला तेव्हा शिवाजी पळाल्याची बातमी फुटली, चौक्या-पहाऱ्यांवर हजार माणसे असूनही तो कोणत्या वेळी आणि कोणत्या चौकीवरून गेला हे कोणालाच सांगता येईना, असे तो कळवितो. मग लोकांनी विचार केला की, पेटाऱ्यांची ये-जा चालू असे, तेव्हा तो पेटाऱ्यात बसूनच गेला असला पाहिजे. पेटाऱ्यातून जाताना कोणी पाहिले असे तो म्हणत नाही. पेटारा हा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, तोंडचे पाणी पळालेल्या पहारेकऱ्यांनी आणि अंमलदारांनी काढलेला तर्क आहे. तर्क बहुधा खरा असेल. त्याहून चांगला कोणी सुचविलेला नाही. पण बखरीत जे डोळ्यांदेखत घडल्यासारखे रंगविले आहे, ते सर्वांत जवळच्या कागदात ‘असले पाहिजे’ या रूपाने उभे आहे. दोहोंतील हा फरक ज्याने ओळखला त्याला साधनांची पारख आली असे म्हणावे.

कागद लिहिणाऱ्याचा स्वार्थ हाही एक स्वतंत्र विषय आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याचा करीना लिहून देत. पूर्वजांनी कोणत्या राजाच्या वेळी काय सेवा केली, वतन कसे मिळाले, मध्यंतरी कोणी बळकावले, हे सारे त्यात असे. हकीकत मोलाची, पण ती सांगणारा निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून सांगत आहे हे विसरून चालत नाही. गोतसभेने दोन्ही बाजू ऐकून, साक्षीदारांच्या निशाण्या घालून केलेल्या महजराचे वजन म्हणूनच करीन्याहून अधिक. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या सुमारास इनाम कमिशनचे काम सुरू झाले आणि इनाम राखावयाचे तर कागद दाखविणे भाग पडले. ज्यांचे कागद उंदरांनी किंवा वाळवीने खाल्ले होते त्यांतल्या काहींना नवे ‘जुने’ कागद तयार करण्याचा मोह झाला असल्यास नवल नाही. असा बनावट कागद बहुधा स्वतःच चुगली करतो. राज्याभिषेक शक १६७४ पासून सुरू झाला. त्याआधीची मिती घालून वर राज्याभिषेक शकाचा किंवा छत्रपती या पदवीचा उल्लेख करणारा लेख पारख्याच्या हाती सापडला की त्याचा निकाल तेथेच लागतो. शिक्का, कागदाचा पोत, मोडीचे वळण, मायन्यातील मानाचे शब्द, हे सारे त्याला साक्ष देतात.

कित्येकदा कागद पूर्ण खरा असतो, मजकूरही विश्वासाचा असतो, आणि तरी त्याचा उपयोग करता येत नाही, कारण तो कोणत्या सालचा हेच कळत नाही. जुन्या मराठी पत्रांत ‘छ’ हे अक्षर, पुढे चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिना एवढीच मिती बहुधा असते. ज्याला पत्र धाडले त्याला साल ठाऊक होते. ते लिहिण्याचे कारण नव्हते. जेथे साल असते तेथेही ते ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांत असते. म्हणजे सुहूर ११६१. आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने ते १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत येते. एका वर्षाची चूक झाली तर पानिपतच्या आधीचे पत्र नंतर जाऊन पडते आणि कार्यकारणभाव उलटा होतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले. पत्रांच्या माथ्यावर छापलेल्या एकेका तारखेमागे या प्रकारची किती डोकेफोड असते, याची कल्पना ती तारीख सहज उचलून घेणाऱ्यास येत नाही.

पुण्याच्या दप्तरखान्यात असे हजारो रुमाल आहेत. सरकारी छप्पर असल्याने त्यांना निदान ऊनपाऊस लागत नाही. त्यांच्या बाहेर जे कागद आहेत त्यांचे मात्र तसे नाही. पेशवाईच्या काळात मराठी माणूस तंजावरापासून ग्वाल्हेरपर्यंत, बडोद्यापासून नागपूरपर्यंत, सागर, झांशी, इंदूर, काशी येथवर जाऊन राहिला. कोणी फडणीस म्हणून, कोणी वकील म्हणून, कोणी देवाच्या पूजेअर्चेसाठी. त्या घराण्यांपैकी कित्येकांच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, जुन्या पेटीत मोडीचे रुमाल बांधलेले असावेत. घरात मोडी वाचणारे कोणी राहिलेले नसते. घर विकावयाची वेळ येते, तेव्हा त्यांतली मोठ्या शिक्क्याची सनद चौकटीत बसवून भिंतीवर लागते आणि दाणा-वैरणीच्या याद्या, मजुरीचे हिशेब, खुशालीच्या चिठ्ठ्या रद्दीत जातात. पानिपतच्या छावणीतल्या उपासमारीची हकीकत ज्या कागदांतून निघाली ते या दुसऱ्या जातीचे होते. रुमाल सापडल्यास त्याची गाठ सोडण्यापूर्वी कागद कोणत्या क्रमाने बांधलेले आहेत एवढे टिपून ठेवावे, अशी मोडी वाचणाऱ्यांची अशा घरांना विनंती असते; एका पत्राला साल नसले तरी त्याला लागून बांधलेल्या जमाखर्चाला ते पुष्कळदा असते.